अंगावरचे केस आणि ‘नाही’ म्हणायची किंमत

कशेडी घाटात रेंज गेली की भाग मध्येच अडकतो, अशी तुमची तक्रार असते. म्हणून नेहमीप्रमाणे हा भाग लिहूनही देतेय. आजचा विषय आहे बायकांच्या अंगावरचे केस. हसू आलं असेल तर आधी हसून घ्या, मग पुढे वाचा.

मे महिन्यात महाडच्या एसटी स्टँडवर उभं राहा. हाफ पँट घातलेला एखादा पोरगा दिसेल, पायांवर भरपूर केस. त्याच्याकडे कोणी ढुंकूनही बघत नाही. शेजारी त्याची सख्खी बहीण तशाच पायांनी, तशाच कपड्यांत उभी राहिली तर? बहुतेक वेळा ती उभीच राहणार नाही, घरातूनच लेगिंग्ज चढवून निघेल. आईबाप तेच, केस तेच. मग फरक कशाचा? नियमाचा. आणि गंमत म्हणजे हा नियम कुठेच लिहिलेला नाही.

आमच्या कामाच्या भाषेत याला डिफॉल्ट सेटिंग म्हणतात. ॲप टाकलं की काही गोष्टी आधीपासूनच ऑन असतात. तुम्ही त्या निवडलेल्या नसतात, पण बंद करायला गेलात की दहा मेनू उघडावे लागतात.

ही सेटिंग केली कोणी? एकट्या कोणी नाही. आपल्याकडे तान्ह्या बाळाची लवसुद्धा कणकेच्या गोळ्याने घासून काढतात. हळद-बेसनाचं उटणं जुनंच. तिकडे अमेरिकेत १९१५ साली जिलेटने खास बायकांसाठी रेझर बाजारात आणला. बिनबाह्यांच्या कपड्यांची फॅशन येत होती, आणि काखेतले केस ही लाजेची गोष्ट आहे हे जाहिरातींनी बायकांना पटवून दिलं. आता त्यात फोनचा कॅमेरा आलाय, ज्याचा फिल्टर आपल्याला न विचारता चेहरा गुळगुळीत करतो.

आता पोलादपूरच्या बाजूला भातलावणीच्या दिवसांत बघा. साडी गुडघ्यापर्यंत खोचून बाया दिवसभर चिखलात वाकलेल्या असतात. तिथे कोणाच्या पोटऱ्यांवर किती केस आहेत हे कोणी मोजत नाही. त्याच घरातल्या मुलीला बघायला पाहुणे येणार म्हटलं की, ‘अगं, पार्लरला जाऊन ये जरा.’ म्हणजे केसांची अडचण कोणालाच नव्हती. अडचण बघणाऱ्याच्या नजरेची आहे.

यावर हमखास येणारं उत्तर असतं, ‘स्वच्छतेसाठी करतात गं!’ ठीक आहे, तपासून बघू. घामाला स्वतःचा फारसा वास नसतो, त्वचेवरचे जिवाणू त्यावर काम करतात तेव्हा वास येतो. केस कमी केले तर काही जणींना बरं वाटतं, पण रोजच्या अंघोळीने काम भागतं. स्वच्छतेचाच प्रश्न असता तर पुरुषांच्या काखांनाही हाच नियम लागला असता. ऑपरेशनआधी तरी वस्तरा हवाच ना? तर जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ मध्ये सांगितलंय की ऑपरेशनआधी केस काढूच नका, अगदीच गरज असेल तर क्लिपरने कापा, वस्तरा फिरवू नका. बाळंतपणाआधी सरसकट केस काढण्याचीही शिफारस ही संघटना करत नाही. त्यामुळे ‘केस काढले नाहीत, आता डॉक्टरांसमोर कसं जाऊ’ म्हणून तपासणी टाळत असाल, तर प्लीज, तसं करू नका.

आणखी एक गैरसमज. शेव्हिंग केल्याने केस जाड होत नाहीत. केस मुळाशी निमुळता नसतो, टोकाला असतो. मधूनच कापला की बोथट टोक वर येतं आणि हाताला राठ लागतं, एवढंच. मूळ त्वचेखाली जसंच्या तसं असतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. हनुवटीवर, छातीवर, पोटावर जाड काळे केस यायला लागले आणि पाळीही अनियमित असेल, तर ते पीसीओएसचं लक्षण असू शकतं. बाळंतपणाच्या वयातल्या १० पैकी साधारण १ बाईला हा त्रास असतो, आणि पुढे मधुमेहाचा धोकाही वाढतो. पण आपल्या घरात होतं काय? ‘मिशी आलीय’ म्हणून मुलीला पार्लरला पाठवतात. दोरा फिरतो, केस जातात, पाळीबद्दल कोणी विचारतच नाही. दर महिन्याला लक्षण पुसलं जातं आणि आजार आत तसाच राहतो. लाजेची खरी किंमत ही आहे. आणि काही महिन्यांतच केस झपाट्याने वाढले, आवाज घोगरा झाला, तर वाट न बघता डॉक्टरांकडे जा.

२०२४ साली उत्तर प्रदेशात दहावीच्या बोर्डात पहिली आलेल्या मुलीचा फोटो व्हायरल झाला. लोकांनी तिच्या मार्कांपेक्षा ओठांवरच्या केसांवर जास्त कमेंट केल्या. राज्यात पहिली आली तरी सुटका नाही!

केसांवरून बाईला धाकात ठेवायची सवय महाराष्ट्रालाही नवी नाही. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी ब्राह्मण आणि काही इतर जातींत नवरा गेला की बाईचं केशवपन करायचे. तेव्हा डोक्यावर केस ठेवणं ही लाज होती. १८९० च्या सुमारास नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या नाभिकांनी ठरवलं की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. म्हणजे नियम बदलतात, आणि ज्याच्या हातात वस्तरा आहे तोही ‘नाही’ म्हणू शकतो.

आणि आपलं महाड! चवदार तळ्याचा सत्याग्रह मार्च १९२७ चा, मनुस्मृतीचं दहन त्याच वर्षी २५ डिसेंबरचं, हे शाळेत शिकलोय. त्या डिसेंबरच्या परिषदेत बाबासाहेबांनी बायकांशी वेगळा संवाद साधला, हे मात्र कमी जणांना माहीत असतं. अस्पृश्यतेची ओळख सांगणारे जड दागिने टाका, लुगडं उच्च जातींतल्या बायांसारखं घोट्यापर्यंत नेसा, असं त्यांनी सांगितलं. अनेकींनी तिथेच नेसण्याची पद्धत बदलली. लुगडं किती उंच नेसायचं हा साधा प्रश्न वाटतो, पण अंगावरच्या खुणांवरून कोणाला कमी लेखायचं, हे त्यात ठरत होतं.

यातून मी एक गोष्ट घेते. तिथे बायांनी ‘वरच्यांसारखं’ नेसणं हेच बंड होतं. म्हणून वॅक्सिंग करणारीला लगेच गुलाम आणि न करणारीला क्रांतिकारक ठरवू नका. टोमण्यांपासून वाचायला केस काढणारी मुलगी चुकत नाहीये. तपासायचं एवढंच, की ती ‘नाही’ म्हणाली तर काय होतं? काहीच होत नसेल तर ती आवड. हसू, टोमणे, मोडलेलं लग्न असं काही होत असेल, तर ती सक्तीच आहे, भले पैसे तिने स्वतःच्या पर्समधून दिलेले असोत.

तर या आठवड्यात दोनच कामं करा. घरातल्या बारा-तेरा वर्षांच्या मुलीला तिच्या केसांवरून काही बोलू नका, आणि दुसरं कोणी बोललं तर विषय तिथेच थांबवा. आणि मुलग्यांनो, ग्रुपवर तसला मीम आला तर फॉरवर्ड करू नका. सेटिंग अशीच बदलते, एकेका फोनवरून.

भेटू पुढच्या भागात!