दडी मारलेला लॅपटॉप

पाऊस सुरू झाला की शहापूर-मुरबाडकडे दोन गोष्टी हमखास होतात. बेडूक बाहेर येतात आणि लाइट जाते. बेडकांचं एक वेळ मागेपुढे होईल, लाइटचं नाही! कधी टोकावड्याकडे झाड तारांवर पडतं, कधी किन्हवलीकडे डीपी जळते, आणि ताईचा अर्धा टाइप केलेला प्रोजेक्ट बॅटरीच्या भरवशावर लटकतो. (भातसा, तानसा, वैतरणेचं पाणी आपल्याकडून मुंबईला बिनबोभाट जातं. विजेला इकडे यायलाच एवढे नखरे का, ते मोठ्यांना विचारा.)

मग ताई काय करते? लॅपटॉपचं झाकण खाली करते. स्क्रीन काळी होते, पंख्याची घरघर थांबते. झाला बंद? छे! तो नुसता झोपला. यालाच म्हणतात स्लीप.

झोपलेल्या लॅपटॉपमध्ये जवळजवळ सगळं बंद असतं. स्क्रीन बंद, डिस्क बंद, प्रोसेसर गप्प. जागी असते ती रॅम. ताईचा प्रोजेक्ट, मागे उघडून ठेवलेलं गाणं, अर्धवट खेळलेला गेम, म्हणजे त्या क्षणी उघडं असलेलं सगळं, रॅममध्ये असतं. कसं असतं? तर विजेच्या अगदी इवल्याशा कप्प्यांत. कप्प्यात विद्युतभार असला की तो १, नसला की ०. ८ जीबी रॅममध्ये असे साधारण ६,९०० कोटी कप्पे असतात.

आणि गंमत अशी की हे सगळेच्या सगळे कप्पे गळके! भरलेला भार लगेच पाझरायला लागतो. म्हणून प्रत्येक कप्पा पुन्हा वाचायचा आणि पुन्हा भरायचा, तोही दर ६४ मिलिसेकंदांत निदान एकदा. म्हणजे सेकंदाला पंधरा वेळा. तुम्ही पापणी मिटून उघडेपर्यंत ६,९०० कोटी कप्प्यांची एक फेरी पुरी झालेली असते, आणि हे काम लॅपटॉप झोपल्यावरही चालूच राहतं. असल्या गळक्या कप्प्यांची रॅम आयबीएम कंपनीतल्या रॉबर्ट डेनार्ड यांनी शोधली. १९६८ साली त्यांना तिचं पेटंट मिळालं. गळणारी वस्तू बनवून पेटंट मिळवायचं, याला डोकं लागतं! कप्पा इतका साधा आणि छोटा, की थोड्या जागेत खंडीभर मावतात. पुन्हा पुन्हा भरायची कटकट परवडते ती त्यामुळेच.

वीज पूर्ण तोडली तर रॅममधलं सगळं काही सेकंदांत पुसलं जातं. पण २००८ साली अमेरिकेतल्या प्रिन्स्टन विद्यापीठातल्या संशोधकांनी एक खोडी काढली. कीबोर्डमधली धूळ उडवायचा हवेचा डबा असतो ना, तो उलटा धरला की गार फवारा निघतो. तो त्यांनी रॅमच्या चिपवर मारून ती उणे ५० अंश सेल्सिअसपर्यंत थंड केली आणि वीज काढून घेतली. दहा मिनिटांनी पाहिलं तर शंभरातला एक कप्पाही धड रिकामा झाला नव्हता. थंडीत भार फार हळू पाझरतो.

आपल्याकडे मे महिन्यात उणे ५० कुठून आणायचं? म्हणून दुसरी युक्ती, हायबरनेट. यात लॅपटॉप रॅममधलं सगळं डिस्कवर एका मोठ्या फाइलीत उतरवून काढतो आणि मग खरोखर बंद होतो. डिस्कवरचं लिखाण विजेशिवायही महिनोन्‌महिने टिकतं. पुन्हा बटण दाबलं की ती फाइल वाचून रॅम जशीच्या तशी भरली जाते. प्रोजेक्टमधलं वाक्य जिथे तुटलं होतं, कर्सर तिथेच लुकलुकत असतो.

आता सांगा, आपला पिवळा धमक बेडूक या दोघांतला कोण? उन्हाळाभर तो ओलसर मातीत दडी मारून बसतो. खात नाही, हलत नाही. तुम्ही म्हणाल हायबरनेट. पण त्याचं हृदय हळूहळू का होईना चालू असतं, कातडीतून श्वास चालू असतो, अंगातली चरबी थोडी थोडी खर्च होत असते. म्हणजे तो स्लीपमध्येच की! पाऊस फारच लांबला आणि चरबी संपली, तर बेडूक संपला. स्लीपमधल्या लॅपटॉपची बॅटरी संपली तर न सेव्ह केलेला प्रोजेक्टही तसाच जातो. हायबरनेट झालेल्या लॅपटॉपमध्ये मात्र धडधडणारं काहीच उरत नाही. स्वतःला लिहून ठेवून पूर्ण थांबायचं, हे बेडकालाच काय, अस्वलालाही जमत नाही. अशा पूर्ण थांबण्याच्या थोडं जवळ जातं ते शेवाळात राहणारं, नुसत्या डोळ्यांना जेमतेम दिसणारं जलअस्वल. ते वाळून कोळ झालं की त्याचं सगळं कामकाज जवळजवळ शून्यावर येतं. पाणी मिळालं की स्वारी पुन्हा चालू!

मग वापरायचं काय? आसनगावहून लोकलने कल्याणला जाऊन यायचंय, तर स्लीप पुरे. पौष पौर्णिमेला म्हशाच्या जत्रेत मुक्काम ठोकणार असाल तर हायबरनेट. रात्री लाइट गेली आणि कधी येईल याचा पत्ता नाही, तरीही हायबरनेट. नव्या लॅपटॉपांपैकी काही तर स्लीपमध्येही वायफाय चालू ठेवून मेल तपासत बसतात. असा लॅपटॉप दप्तरात कोंबला तर गरम होतो आणि बॅटरीही खातो.

ताईला सांगा, विंडोजच्या कंट्रोल पॅनेलमध्ये पॉवर ऑप्शन्स उघड. डावीकडे ‘चूज व्हॉट क्लोजिंग द लिड डज’ असं दिसेल. आत दोन रकाने असतात, एक बॅटरीवर असतानाचा आणि एक चार्जर लावलेला असतानाचा. झाकण बंद केल्यावर काय व्हावं, ते दोन्हींत वेगळं ठरवता येतं. माझ्या मते आपल्याकडे बॅटरीच्या रकान्यात हायबरनेट आणि चार्जरच्या रकान्यात स्लीप ठेवावं. पॉवरच्या यादीत हायबरनेट दिसतच नसेल, तर त्याच पानावर खाली त्याची चौकट असते, तिथे टिक करायची. चौकट फिकट दिसली तर वरची ‘चेंज सेटिंग्ज’ने सुरू होणारी ओळ आधी दाबायची.

राहिलं शट डाउन. ते तरी पूर्ण बंद असेल ना? २०१२ साली आलेल्या विंडोज ८ पासून त्यातही मेख आहे. शट डाउन केलं की तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण विंडोजचा गाभा बहुतेक लॅपटॉपांत हायबरनेट होऊन डिस्कवर जाऊन बसतो, म्हणजे पुढच्या वेळी लवकर उठता येतं. सगळं पुसून नव्याने सुरुवात होते ती रीस्टार्टने. म्हणूनच लॅपटॉप अडून बसला की जाणकार माणूस ‘बंद करून चालू कर’ म्हणत नाही, ‘रीस्टार्ट मार’ म्हणतो.