ज्या कपड्याला माया नसते

ब्लाऊज तिसऱ्यांदा आत घेतला तरी काखेतली चुणी जाईना. शिवण उसवली, पुन्हा टाचली, आरशासमोर हात वर-खाली करून पाहिले. शेवटी ब्लाऊज बाजूला ठेवला आणि आत काय घातलंय ते पाहिलं. ब्राची पाठीमागची पट्टी वर चढून बसली होती, कप वरच्या बाजूनं रिकामे होते आणि डावा पट्टा दंडावर घसरला होता. यावर कुठलाच ब्लाऊज बसणार नव्हता.

मी अठरा वर्षं ब्लाऊज शिवते आहे. आधी इचलकरंजीत, आणि ह्यांना सिपकॉटच्या औद्योगिक वसाहतीत काम मिळाल्यापासून इथं गुम्मिडिपूंडीत. चेन्नईहून उत्तरेला येणाऱ्या बऱ्याच लोकल इथं संपतात. थोडं पुढं गेलं की आंध्र लागतो. गेल्या वर्षी माझ्या रक्तातली साखर काठावर आली आणि डॉक्टरीणबाईंनी वजन उतरवायला सांगितलं. तेव्हा ८१ किलो होते. भात निम्मा केला, रात्रीचं जेवण सातच्या आत आणलं, पहाटे स्टेशनपर्यंत चालत जाऊन परत यायला लागले. वर्षभरात १४ किलो उतरलं. साखर खाली आली, गुडघे हलके झाले. बाकीचे कपडेही शरीराच्या मागोमाग आले. परकराला नाडी असते. साडीला दोन निऱ्या वाढवल्या की झालं. ब्लाऊजला आपण आत माया सोडलेली असते, ती घ्यायला किंवा द्यायला येते. ब्राला माया नसते. ती कंपनीनं कापली त्या मापाची, आणि शरीर पुढं गेलं की ती मागंच राहते.

माझ्या आजेसासूबाई खणाची चोळी घालायच्या, पुढं गाठ मारायची. बाळंतपणाआधी गाठ सैल, म्हातारपणी अंग वाळलं तेव्हा ओढून घट्ट. एकच चोळी दोन्ही अंगांना बसायची. अमेरिकेत मेरी फेल्प्स जेकब या बाईनं १९१४ साली ज्या ब्राचं पेटंट घेतलं तिचीही सुरुवात दोन रेशमी रुमाल आणि एका फितीपासून झाली होती, आणि ती अंगाभोवती बांधायचीच होती. गाठ जाऊन हूक आले, तेव्हा सुटसुटीतपणा आला खरा, पण मापाची चूक पोटात घालायची सोय गेली.

मी सहा महिने स्वतःला सांगत होते, वजन एकदा थांबू दे, मग घेऊ. दर दोन महिन्यांनी माप बदलत असताना सातशे-आठशे रुपयांची ब्रा घ्यायची आणि ती बाजूला टाकायची, हे एका पगाराच्या घराला परवडत नाही. म्हणून जुन्या ढगळ ब्राचे पट्टे ओढून आखूड करत राहिले. पट्टे ओढले की सगळा भार खांद्यावर येतो. खांद्यावर वळ पडले, मान धरली. आणि इथल्या मे महिन्यात, समुद्राकडच्या दमट हवेत, ढिल्या कापडाखाली घाम साचून छातीखाली लालभडक चट्टा उठला. डॉक्टरीणबाईंनी बुरशीचं मलम दिलं, जागा कोरडी ठेवायला सांगितली, आणि माझी ब्रा पाहून म्हणाल्या, “आधी ही बदला.”

एका गुरुवारी दुपारी लोकलनं चेन्नईतल्या वण्णारपेट्टैला गेले. वण्णार म्हणजे परीट. ईस्ट इंडिया कंपनीच्या काळात कापड धुणाऱ्यांची ही वस्ती, म्हणून इंग्रजीत वॉशरमनपेट. तिथला एम. सी. रोड कपड्यांनी भरलेला आहे, आणि टी. नगरच्या बाजारापेक्षा हात सैल सोडता येतो. मला तमिळ कामापुरतं येतं, पण हा कपडा कसा मागायचा ते सुचेना. शेवटी आमच्याकडच्या जुन्या बायका म्हणतात तसं “बॉडी” म्हणाले. दुकानातल्या अक्कांनी लगेच मान डोलावली. तमिळ बायकाही याला बॉडीच म्हणतात.

त्यांनी निर्यातीतून उरलेल्या मालाचा ढीग पुढं केला. एकावर लेबल होतं, ८०सी. मी म्हटलं, ही माझ्यासाठी नाही, मी चाळीस घालते. अक्कांनी माझ्याच पिशवीतली टेप घेतली, छातीच्या बरोबर खाली गुंडाळली आणि टेपेची सेंटिमीटरची बाजू माझ्यासमोर धरली. ८०. लेबलावरचा आकडा म्हणजे माझ्या अंगाचं सरळ माप होतं. आयुष्यभर लोकांची मापं घेतली. अपर चेस्ट, चेस्ट, कंबर, मुंढा, सगळं वहीत लिहिलं. स्वतःच्या छातीखालचा घेर मात्र त्या दिवशी पहिल्यांदा मोजला गेला.

घरी येऊन वही घेऊन बसले आणि लेबलांचं गणित लावलं. ते सांगते, कारण दुकानात ते क्वचितच कोणी समजावतं.

माप दोनच. पहिलं छातीच्या लगेच खालचं, श्वास सोडून, टेप जमिनीला समांतर आणि अंगाला चिकटून. दुसरं छातीच्या सर्वांत भरलेल्या जागेचं, फोम नसलेली ब्रा घालून, टेप न आवळता. युरोपी लेबलावर पहिलं माप सेंटिमीटरमध्ये तसंच छापतात. आपल्याकडे जो ३४, ३६, ३८ असा आकडा असतो तो खालच्या घेरात चार ते पाच इंच मिळवून येतो. म्हणजे ७५ सेंटिमीटर (साडेएकोणतीस इंच) घेराच्या बाईला ३४, आणि ८० सेंटिमीटर (साडेएकतीस इंच) घेराच्या बाईला ३६. मग भरलेल्या मापातून हा लेबलाचा आकडा वजा करायचा. एका इंचाचा फरक आला तर ए, दोनचा बी, तीनचा सी, चारचा डी. मध्ये अडकलं तर वरचं अक्षर धरायचं. या अक्षरांची पद्धत अमेरिकेतल्या एस. एच. कॅम्प कंपनीनं १९३२ मध्ये सुरू केली. कंपनीगणिक थोडं इकडंतिकडं होतं, म्हणून घालून बघणं सुटत नाही. पण निदान ढिगातली कुठली दोन उचलायची ते कळतं.

माझी जुनी मापं वहीत सापडली नाहीत, पण जुन्या ब्लाऊजवरून काढता आली. ८१ किलोला खालचा घेर साडेपस्तीस इंच, वरचा साडेबेचाळीस. म्हणजे ४०सी. मी घालत होते ४०बी, कारण दुकानदार देईल ती घेत होते, कप विचारायचा असतो हेच माहीत नव्हतं. त्या दिवशी खालचा घेर साडेएकतीस, वरचा साडेअडतीस. म्हणजे ३६सी. अक्षर तेच राहिलं म्हणून छाती तेवढीच राहिली असं नाही. अक्षर फक्त फरक सांगतं. ४०सीच्या कपात जेवढं मावतं तेवढं ३८मध्ये डी कपात मावतं आणि ३६मध्ये डीडीत. पट्टी एक नंबर खाली गेली की तोच कप एक अक्षर वर जातो. बारीक होणाऱ्या बाईला हे कळलं की तिचे पैसे वाचतात, कारण दुकानात ३८बी ढिली वाटली तर हात आपोआप ३६बीकडं जातो, आणि तिला हवी असते ३६सी.

वजन कुठून उतरावं हे आपल्या हातात नसतं. स्तनात दुधाच्या ग्रंथी असतात आणि चरबीही असते, आणि दोन्हींचं प्रमाण प्रत्येकीचं वेगळं. चरबी जास्त असेल तिची छाती लवकर उतरते. दुसरीची पाठ आणि बरगड्यांचा घेर आधी कमी होतो आणि कप तसाच राहतो. म्हणून शेजारणीनं दोन नंबर कमी केले तर आपणही करावेत, हे चालत नाही. टेपेचंच ऐकायचं.

त्या दिवशी मी तीनच ब्रा घेतल्या. सव्वाशे रुपयांच्या दोन, होजियरी कापडाच्या, मध्ये शिवण असलेल्या, तार आणि फोम नसलेल्या. तिसरी ती ८०सी. फोमचा कप आपला आकार धरून बसतो. शरीर आत गेलं की मध्ये पोकळी राहते आणि ब्लाऊजवर खळगा दिसतो. मऊ होजियरी थोडी आक्रसून साथ देते. नवी ब्रा सर्वांत बाहेरच्या, म्हणजे सैल रांगेत हूक लावून नीट बसली पाहिजे. पट्टीखाली दोन बोटं जावीत, हात वर केले तरी ती जागची हलू नये. रांगांमध्ये सुमारे अर्ध्या इंचाचं अंतर असतं, त्यामुळं आत सरकायला इंचभर वाव मिळतो, आणि तोच आपल्याला बारीक होताना हवा असतो. आतल्या रांगेत बसणारी ब्रा पहिल्याच दिवशी घेतली तर हा वाव विकत घेऊन फेकल्यासारखं होतं. उलट बाजूनंही एक सोय आहे. हूक लांबवायची सुटी पट्टी वीस-तीस रुपयांना मिळते. पट्टी किंचित घट्ट असलेली पण कप बरोबर असलेली ब्रा ती लावून महिना-दोन महिने घालता येते आणि मग पट्टी काढून टाकता येते.

पैसे जास्त घालायचे ते वजन सहा-एक महिने स्थिर राहिल्यावर. चेन्नईत त्यासाठी जुनी, नावाजलेली दुकानं आहेत, एम. जी. नायडू या शिंप्यानं १९३९ मध्ये सुरू केलेलं नायडू हॉल इथल्या बायकांना पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. तोवर स्वस्त, साधं, पण मापाचं.

जुन्याचं काय करायचं? कप अजून बरोबर असेल आणि फक्त पट्टी ढिली असेल, तर ब्रा टाकू नका. पाठीकडची हूकपट्टी उसवायची, दोन्ही टोकांकडून सारखं, एकेक इंचापर्यंत कापड कापायचं आणि तीच पट्टी, किंवा बाजारातली तयार, परत बसवायची. एका बाजूनंच कापलं तर पट्टे तिरके होतात. एकूण दोन इंचांपेक्षा जास्त घ्यायचं नाही, नाहीतर खांद्याचे पट्टे पाठीवर मणक्याजवळ येतात आणि कप काखेकडं ओढले जातात. झिगझॅगचं मशीन असेल तर उत्तम. घरच्या पायमशीनवर सरळ टाकाच येतो, आणि इलास्टिक ताणलं की सरळ टाक्याचा दोरा तुटतो. म्हणून इलास्टिक हातानं थोडं ताणून धरून शिवायचं. तळाचं इलास्टिक लुळं पडलं असेल तर तेही बदलता येतं. कप मोठा झाला असेल तर मात्र मी हात लावत नाही. सुती, शिवणीच्या कपात छोटा डार्ट घेता येतो, पण तो टोचतो. त्वचेला लागणारी शिवण वाढवायला माझं मन धजत नाही.

समोरच्या बिल्डिंगमधली एक मुलगी सिपकॉटमध्ये पॅकिंगला आहे, बाळंतपणानंतर झपाट्यानं उतरली. आठ तास उभं काम. ती बाळंतपणातल्या ढगळ ब्रावर दोन सेफ्टी पिना लावून कामाला जायची. तिच्या तीन ब्रा मी अर्ध्या तासात आत घेऊन दिल्या. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती आणखी दोघींना घेऊन आली. ब्लाऊजचं माप द्यायला बायका दार उघडं ठेवून येतात. या मापासाठी त्या दार लावून घेतात, आवाज उतरवतात. पाठ दुखते, खांदा दुखतो, हे त्या वर्षानुवर्षं कोणाला सांगत नाहीत, कारण सांगताना या कपड्याचं नाव घ्यावं लागतं.

हाच संकोच दोरीवरही दिसतो. परकराखाली, टॉवेलखाली लपवून वाळत घातलेली ब्रा इथल्या हवेत दुसऱ्या दिवशीही ओलसर असते, आणि ओलसर कापड दिवसभर अंगाला लागलं की तो लाल चट्टा परत येतो. मी आता वारं लागेल अशा जागी, सावलीत, उघड्यावर वाळत घालते. सावलीत यासाठी की कडक ऊन आणि गरम पाणी दोन्ही इलास्टिकला खातात. ब्लीचही नको. हातानं धुवायची, पिळायची नाही, आणि रोज एकच न घालता तिन्हींना पाळीपाळीनं विश्रांती द्यायची.

एक गोष्ट मात्र टेपेवर सोडू नये. वजन उतरवायचा प्रयत्न न करता उतरत असेल, एकच बाजू बदलली असेल, गाठ लागत असेल, त्वचा आत ओढली गेली असेल किंवा बोंडातून पाणी वा रक्त येत असेल, तर नंबर बदलत बसू नका, डॉक्टरांकडं जा. माझ्याकडं आलेल्या एकीला मी माप न घेताच डॉक्टरीणबाईंकडं पाठवलं होतं.

वहीच्या शेवटच्या पानावर मी आता महिन्याला एक ओळ लिहिते. तारीख, वजन, खालचा घेर, वरचा घेर, हूक कितव्या रांगेत. या पाच तारखेची ओळ अशी आहे: ६६ किलो, ७८, ९५, मधली रांग.