ओढाताणीत मोडलेला पाय
वासराचे पहिले दिवस : लेखांक ६

मागच्या आठवड्यात चिकाबद्दल बोललो. आजचा विषय पायाचा, पण त्यातही चीक येणारच आहे.

नवजात वासराचं हाड मोडलं म्हणजे बहुतेक वेळा पुढच्या पायाची नळी मोडलेली असते. गुडघा आणि खुरावरचा सांधा यांच्या मधलं हे हाड, आणि ते मोडतं बहुधा आपल्याच हातांनी. पहिलारू कालवड, तिला भरलेलं दांडग्या एचएफ वळूचं वीर्य, रात्रीची वेळ. दोन खूर बाहेर आलेत, पण वासरू पुढे सरकत नाही. मग हाताला लागेल ती नायलॉनची दोरी एकाच फासानं आवळायची आणि चार-पाच गड्यांनी ओढायचं. कुणी तर दोर ट्रॅक्टरला बांधतो! तो सगळा जोर बोटभर पट्ट्यावर येतो. सांध्याच्या जरा वर हाडाच्या वाढीचा कूर्चेचा थर असतो. तो हाडाइतका घट्ट नसतो, त्यामुळे पुष्कळदा तिथूनच तुकडा सुटतो.

ओढायचंच असेल तर मऊ, जाड सुती दोर घ्या. एक फास खुरावरच्या सांध्याच्या वर आणि दुसरा अर्धा वेढा सांध्याच्या खाली टाका, म्हणजे जोर दोन जागी वाटला जातो. गाय कळ देईल तेव्हाच ओढायचं, कळ थांबली की आपणही थांबायचं. माणसं दोन, तिसरा नको. दोघांच्या जोरानं वासरू हलत नसेल तर ते आकारानं किंवा आडवं-तिरकं अडलंय असं समजा आणि डॉक्टरांना बोलवा. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी १९६२ हा फोन आहे. कमरेत अडकलेलं वासरू जबरदस्तीनं ओढलं तर मांडीची नस ताणली जाते. मग हाड शाबूत असूनही मागचा पाय वजन घेत नाही आणि आठ-दहा दिवसांत मांडीचं मांस उतरतं.

धडधाकट वासरू तास-दोन तासांत उभं राहतं. नळी मोडली असेल तर ते तीन पायांवर धडपडतं, चौथा नुसता लोंबतो, आणि हलक्या हातानं चाचपलं तर आतून करकर लागते. एकदा लागली तेवढी पुरे; घरातल्या प्रत्येकानं खात्री करून घेऊ नये.

अशा वेळी सगळे पायाभोवती जमतात आणि वासरू उपाशी राहतं. ते कासेपर्यंत पोचत नाही, म्हणून चीक पिळून बाटलीनं पाजा. तीस किलोच्या वासराला पहिल्या सहा तासांत साधारण तीन लिटर, दोन वेळात विभागून. चिकाविना राहिलेल्या वासराचं हाड जुळेलही, पण तोवर ते रोगाला बळी पडायचं.

चीक पाजून झाला की पाय बांधा. कापसाचा जाड थर, त्यावर पीव्हीसी पाइप उभा चिरून केलेल्या दोन पन्हळी, खुरापासून गुडघ्याच्या वरपर्यंत. मोडीच्या वरचा आणि खालचा असे दोन्ही सांधे बांधणीत आले पाहिजेत. कातडी फाटली असेल तर स्वच्छ पाण्यानं धुऊन कोरडं फडकं लावा. हळद किंवा राख भरू नका. मोड गुडघ्याच्या वर किंवा मागच्या पायाच्या मांडीत असेल तर मात्र काहीच बांधू नका. अर्धवट बांधणीचं ओझं मोडीच्या खाली लटकतं आणि टोकं मांसात घुसतात. अशा वासराला गवताच्या बिछान्यावर, मोडलेल्या पायाला धक्का लागणार नाही असं निजवून न्यावं. शिरवळ किंवा परळच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयापर्यंत जाणं जमत असेल तर उत्तम.

हाडवैद्याला मी सरसकट नावं ठेवणार नाही. त्यांच्यातल्या काहींचा हात खरोखर चांगला असतो. तक्रार आहे ती कापसाविना करकचून आवळलेल्या कामट्यांची. रक्त अडतं, खूर गार पडतो आणि जो पाय वाचला असता तो सडतो. डॉक्टरांच्या प्लास्टरलाही हे लागू आहे. नळी जुळायला साधारण तीन-चार आठवडे लागतात, पण वासरू तेवढ्यात झपाट्यानं वाढतं आणि प्लास्टर तंग होतं. वरच्या कडेला सूज, घाण वास, गार खूर यांपैकी काही दिसलं की त्याच दिवशी दाखवा.

जन्मतः खुराचा सांधा पुढे दुमडलेला असणं ही इजा नव्हे. शिरा आखडलेल्या असतात; वासरू पाय टेकत असेल तर बहुतेकदा चालून-फिरून काही दिवसांत सरळ होतो. गुळगुळीत कोब्यावर तेवढं ठेवू नका.

खरी फसगत पुढे होते. पहिले काही दिवस नीट चाललेलं वासरू अचानक लंगडतं, गुडघा सुजून गरम होतो. शेजारी सांगतात, ‘गाईनं पाय दिला असेल, तेल चोळा.’ तेलाची बाटली उघडण्याआधी वासराला कुशीवर पाडून नाळ बघा. ती जाड, ओली, दुखरी असेल आणि ताप १०३ फॅरनहाइटच्या वर असेल, तर हा मुका मार नव्हे. नाळेतून शिरलेले जंतू रक्तावाटे सांध्यात बसलेत. चोळून ते निघत नाहीत. पहिल्या दिवशी डॉक्टर आले तर सांधा धुऊन आणि प्रतिजैविकं देऊन वाचवता येतो. आठवडा गेला तर आतली कूर्चा झिजते आणि पाय कायमचा ताठतो. नाळेला आयोडीन कधी आणि कसं लावायचं, ते पुढच्या आठवड्यात.