जहाजाचे पोटभाडेकरू

मुंबईत जागा मिळणे किती कठीण आहे, हे वाचकांना मी सांगायला नको. पण याच शहरात पन्नास वर्षांपासून एक बिऱ्हाड न पागडी, न भाडे असे सुखाने नांदते आहे. कुटुंबातली माणसे मोजणे अशक्य. पत्ता विचाराल तर मुंबई बंदर, गोदीच्या भिंती आणि पाण्याखालचे खांब!

हे बिऱ्हाड शिंपल्यांचे आहे. तिसऱ्या, कालवे, शिनाणे ही आपल्या ओळखीची मंडळी. (शाकाहारी वाचकांनी एवढा उल्लेख पोटात घालावा.) ही त्यांतली नव्हे. बोटाच्या पेराएवढी, काळपट-तपकिरी, दिसायला अगदी सामान्य. शास्त्रज्ञ तिला ‘मायटिलॉप्सिस सॅले’ म्हणतात. तिचे माहेर कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात. तिथून ती इथे आली कशी? आली ती जहाजांच्या पोटाला चिकटून, अक्षरशः पोटभाडेकरू होऊन.

आमच्या शेजारी एक गृहस्थ राहत असत. त्यांची सारी नोकरी गोदीत गेली. सुक्या गोदीत जहाज घेतले, पाणी उपसले, की त्याच्या बुडाला काय काय लगडलेले दिसते याचे वर्णन ते मोठ्या चवीने करीत. शेवाळ, टणक कवचाचे बारीक जीव, शिंपल्यांचे थर. “अहो, जहाजाला दाढी आलेली असते म्हणा ना!” असे ते म्हणायचे. ही दाढी खरवडून काढली नाही तर जहाजाचा वेग घटतो आणि इंधन जास्त जळते. इंजिन थंड ठेवण्यासाठी समुद्राचे पाणी आत ओढणाऱ्या नळ्यांतही हे जीव शिरतात आणि नळ्या चोंदतात. दुसरी वाट तोलाच्या पाण्याची. जहाज रिकामे असले की त्याचा तोल राहावा म्हणून टाक्यांत समुद्राचे पाणी भरून घेतात आणि ते दुसऱ्याच बंदरात सोडून देतात. त्या पाण्यातून न दिसणारी पिल्ले फुकटात परदेशप्रवास करतात.

या शिंपलीचा संसार पाहिला म्हणजे थक्क व्हायला होते. आपल्या तिसऱ्या वाळूत-चिखलात पुरून राहतात. ही मात्र अंगातून रेशमासारखे चिवट धागे काढते आणि त्यांनी खांबाला, दोराला, साखळीला, नाहीतर स्वतःच्या बहिणीच्याच पाठीला घट्ट धरून बसते. नर-मादी आपापले बीज सरळ पाण्यात सोडतात; फलन तिथेच. मादी हजारोंनी अंडी घालते. पिल्ले काही दिवस पाण्यात तरंगतात आणि जागा सापडली की चिकटतात. महिन्याभरात तीही वयात येतात! पावसाळ्यात बंदरातल्या पाण्याचा खारेपणा उतरतो, तेव्हा कित्येक समुद्री जीव हाय खातात. हिला त्याचे सोयरसुतक नाही. कवच मिटून घ्यायचे आणि दिवस काढायचे. लाटांच्या माऱ्यातल्या उघड्या खडकांवर तिचे फारसे बस्तान बसत नाही. तिला हवे आडोशाचे, साचलेले पाणी, आणि असे पाणी आपण बंदरे बांधून जगभर आयते तयार करून ठेवले आहे.

भारतात ती प्रथम आढळली विशाखापट्टणमच्या बंदरात, १९६७ साली. पुढे १९७५ साली करंदे आणि मेनन या शास्त्रज्ञांनी भारतीय बंदरांतल्या या नव्या रहिवाशावर लेख लिहिला, तोवर ती मुंबईच्या गोदीतही येऊन पोचली होती. या बातमीने कोणाची झोप उडाल्याचे मला आठवत नाही. गोदीच्या भिंतीला काय चिकटले आहे, याची आपण मध्यमवर्गीय माणसे कशाला विचारपूस करणार!

पण केरळातले कोळी ही विचारपूस करतात. कोल्लमजवळच्या अष्टमुडी सरोवरातल्या तिसऱ्यांच्या मासेमारीला २०१४ साली आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले. असा मान मिळवणारी ती भारतातली पहिली मासेमारी. आणि त्यानंतर पाचच वर्षांत, २०१९ साली, त्याच सरोवरात दक्षिण अमेरिकेकडचे एक परके शिंपले पसरल्याचे प्रसिद्ध झाले. त्याचे नाव ‘मायटेला स्ट्रिगाटा’. आपल्या पाहुणीचे जातभाई नव्हे, पण वागणूक तीच. तमिळनाडूत एन्नोर-पुलिकतच्या खाडीतही तेच. तिथले कोळी सांगतात, तळाचा चिखल या शिंपल्यांनी असा झाकून टाकला की कोळंबीला राहायला जागा उरली नाही. दिवसभर पाण्यात उभे राहून पाटीभर माल काढणाऱ्या माणसाला शास्त्रीय नाव कळून काय करायचे? त्याची पाटी रिकामी राहते एवढे त्याला कळते.

मग हिला हाकलता येते की नाही? एकदा हाकलली गेली आहे. म्हणूनच हा लेख लिहावासा वाटला.

ऑस्ट्रेलियाच्या उत्तर टोकाला डार्विन हे शहर आहे. मार्च १९९९ मध्ये तिथल्या कलन बे या खासगी नौकांच्या गोदीत पाणबुडे उतरले, तो ही बाई तिथे हजर! सहाएक महिन्यांपूर्वी त्याच जागेची पाहणी झाली होती, तेव्हा एकही नव्हती. आता काही ठिकाणी चौरस मीटरला वीस हजारांहून जास्त. त्या किनाऱ्यावर मोत्यांचा मोठा धंदा आहे. मोत्यांच्या शिंपल्यांवर ही चढून बसली असती तर धंदाच बसला असता.

सुदैव असे की डार्विनला भरती-ओहोटीत आठ मीटरपर्यंत फरक पडतो, म्हणून तिथल्या या गोद्यांना पाणी अडवणारे दरवाजे आहेत. तीन गोद्यांचे दरवाजे बंद झाले. आतल्या नौका आतच अडकल्या. बाहेर गेलेल्या शोधून तपासल्या. मग पाण्यात क्लोरिन आणि मोरचूद ओतले. चार आठवड्यांत शिंपली संपली. खर्च वीस लाख ऑस्ट्रेलियन डॉलरांच्या वर.

पण या विषाला आपले-परके कळत नाही. गोद्यांतले मासे, खेकडे, झिंगे, सारेच मेले. हे होणार हे अधिकाऱ्यांना पक्के ठाऊक होते, तरी त्यांनी ते केले. मला विचाराल तर त्यांनी योग्यच केले. दरवाज्याबाहेर अथांग समुद्र होता, त्यातून नवे जीव पुन्हा आत येणार होते. शिंपली मात्र एकदा बाहेर निसटली असती तर तिला परत आत बोलावणारा दरवाजा कुठेच नव्हता. मुंबईत आज हा उपाय करू म्हटले तर करणार कसा? एखाद्या गोदीला दरवाजा आहे, अख्ख्या बंदराला कसा असणार? ती वेळ १९७५ च्याही आधीच निघून गेली.

डार्विनकर मात्र अजून निर्धास्त झालेले नाहीत. तिथे धक्क्यांखाली दोर आणि फरशा टांगून ठेवलेल्या असतात. ठरल्या वेळी त्या वर ओढायच्या आणि नवे कोण चिकटले आहे ते पाहायचे. परदेशातून नौका आली की आधी तिच्या बुडाची तपासणी होते, नळ्यांत औषध सोडले जाते, आणि मगच गोदीचा दरवाजा उघडतो.