बंडखोर नेत्याचा अंत आणि हिंसाचार

सशस्त्र संघटनेच्या प्रमुख नेत्याला ठार मारल्याने किंवा पकडल्याने संघर्षातील हिंसाचार घटतो का, हा राज्यशास्त्रातील एक वादग्रस्त प्रश्न आहे. नेता नाहीसा झाला की संघटना विस्कळीत होते, हे या धोरणामागील गृहीतक होय. प्रत्यक्षात परिणाम संघटनेची रचना, वारसाची व्यवस्था आणि जनाधार यांवर अवलंबून असतो.

परस्परविरोधी उदाहरणे

१९९२ या एकाच वर्षातील दोन घटना या संदर्भात उल्लेखनीय आहेत. पेरूमधील ‘शायनिंग पाथ’ या माओवादी संघटनेचा संस्थापक आबिमाएल गुझमान याला १२ सप्टेंबर रोजी लिमा शहरात अटक झाली. संघटनेची विचारसरणी आणि निर्णयाधिकार त्याच्याच ठायी एकवटलेले होते. १९९३ मध्ये त्याने तुरुंगातून शांततेचे आवाहन केले. त्यावरून संघटनेत फूट पडली व हिंसाचार झपाट्याने ओसरला.

१६ फेब्रुवारी रोजी इस्रायलने हिजबुल्लाचा सरचिटणीस अब्बास अल-मुसावी याला दक्षिण लेबनॉनमध्ये ठार मारले. काही दिवसांतच हसन नसरल्ला त्याच्या जागी आला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये स्वतः मारला जाईपर्यंत, म्हणजे ३२ वर्षे, त्या पदावर राहिला. मुसावीच्या मृत्यूनंतर महिन्याभरात ब्युनोस आयर्स येथील इस्रायली वकिलातीवर बॉम्बहल्ला होऊन वीसहून अधिक लोक मृत्युमुखी पडले. हिजबुल्लाची समाजात रुजलेली संघटनात्मक यंत्रणा एका व्यक्तीवर विसंबून नव्हती.

अभ्यासकांची मते

जेना जॉर्डन यांनी १९४५ ते २००४ या काळातील २९८ घटनांचा अभ्यास करून २००९ मध्ये असा निष्कर्ष मांडला की, जुन्या, मोठ्या व धार्मिक संघटना असा आघात पचवतात. कधी कधी तो उलटही ठरतो. याउलट पॅट्रिक जॉन्स्टन यांनी २०१२ मध्ये यशस्वी आणि फसलेल्या प्रयत्नांची तुलना केली. नेता मारला वा पकडला गेल्यास हिंसाचार घटण्याची व बंडाचा मोड होण्याची शक्यता वाढते, असे त्यांना आढळले.

मूल्यमापनातील अडचणी

कारण व परिणाम वेगळे करणे कठीण असते. संघटना आधीच दुबळी झाली असेल, तर तिच्या नेत्यापर्यंत पोहोचणेही सोपे जाते. श्रीलंकेत मे २००९ मध्ये वेलुपिल्लै प्रभाकरन मारला गेला, तेव्हा लिट्टेच्या ताब्यातील जवळजवळ सर्व प्रदेश सैन्याने जिंकला होता. त्यामुळे युद्धसमाप्तीचे श्रेय केवळ त्याच्या मृत्यूला देता येत नाही.

हत्या आणि अटक यांतील भेदही महत्त्वाचा आहे. पकडलेला नेता शस्त्रे खाली ठेवण्याचे आवाहन करू शकतो. मृत नेता अनुयायांच्या दृष्टीने हुतात्मा ठरू शकतो आणि वाटाघाटी करण्याइतके वजन असलेली व्यक्ती उरत नाही.