लेखांक 7 : अशिगाराचा चहा

विंडस्केल अणुभट्टीजवळच्या गवताचा विषय संपवून या आठवड्यात लॅपलँडचं दगडफूल आणि ते खाणारे रेनडियर घ्यायचे होते. ते पुढे ढकलतो, कारण तासगावकडच्या एका द्राक्ष बागायतदार वाचकांचा प्रश्न डोक्यातून जाईना. ते विचारतात, 'आम्ही पोटॅश जमिनीतून देतो तसं पानांवर फवारूनही देतो, आणि ते घडापर्यंत पोचतं. सीझियम पोटॅशियमच्याच कुळातलं, असं तुम्ही लिहिलंत. मग पानावर पडलेलं सीझियम पानावरच राहतं, की वेलीत उतरतं?'

उतरतं. याचा इतका स्वच्छ पुरावा जपानच्या चहाने दिला आहे की त्यासाठी अख्खा लेखांक खर्च करायला मला आनंदच वाटतो.

फुकुशिमाच्या अणुभट्ट्यांवर त्सुनामी आदळली 11 मार्च 2011 रोजी. त्याच महिन्यात वाऱ्याबरोबर आणि पावसातून किरणोत्सारी सीझियम दूरवर पसरलं. मे महिन्यात कानागावा प्रांतातल्या मिनामि-अशिगारा इथल्या चहाच्या ताज्या पाल्यात ते किलोला 500 बेकरेल (बेकरेल हे किरणोत्साराचं माप) या तेव्हाच्या मर्यादेपेक्षा जास्त निघालं. गाव अणुभट्ट्यांपासून सुमारे 300 किलोमीटर दूर. आणि खरं कोडं पुढेच आहे. मे महिन्यात खुडलेली ती कोवळी पालवी मार्चमध्ये झाडावर नव्हतीच! तिचे कोंब अजून फुटायचे होते. मग आकाशातून पडलेलं तिच्यात आलं कुठून?

पहिला संशय मुळांवर जातो. पण चिकणमातीचे कण सीझियमला असे घट्ट धरतात की दोन महिन्यांत मुळांना त्यातलं फारच थोडं मिळतं. शिवाय चहाच्या मळ्यात जमिनीपर्यंत पोचलेलं सीझियम मुळात कमीच होतं. जपानी मळ्यांत झुडपांच्या रांगा वरून कातरून अशा दाट ठेवतात की खालची माती दिसत नाही. इंग्लंडच्या हारवेल इथले ए. सी. चेम्बरलेन यांनी गवतासाठी जे सूत्र मांडलं, ते इथेही दिशा दाखवतं : एका चौरस मीटरवर वनस्पतीचं वजन जितकं जास्त, तितका वरून येणाऱ्या मालातला मोठा वाटा ती अडवते. चहा सदाहरित. मार्चमध्ये पानझडी फळझाडांवर पान नव्हतं, तेव्हा चहाची हिवाळ्यातली जुनी, जाड पानं पूर्ण पसरलेली होती.

पावसाचा प्रकारही महत्त्वाचा. रिमझिम पावसात पान जवळजवळ सगळं पाणी धरून ठेवतं. मुसळधार आला की जास्तीचं ओघळून जातं. त्यातही सीझियमबरोबर आलेलं आयोडीन बहुधा ऋणभारित रूपात असतं, ते निसटतं. सीझियम धनभारित, आणि पानाचा पृष्ठभाग ऋणभारित, म्हणून ते चिकटतं. चिकटलेल्यातलं काही पुढच्या पावसाने धुऊन जातं, काही पानावरच्या मेणचट थरातून आत शिरतं. आत शिरलेल्याला झाड पोटॅशियमसारखंच वागवतं. वसंतात कोंब फुटू लागले की जुन्या पानांतलं पोटॅशियम रसवाहिन्यांतून वाढत्या शेंड्यांकडे धावतं, आणि सीझियम त्याच्याबरोबर. (स्ट्रॉन्शियम मात्र कॅल्शियमच्या चालीचं. ते पानात गेलं की बहुतांशी तिथेच राहतं.) चहात तर आपण नेमका शेंडाच खुडतो.

जपानमध्ये मग वेगळाच वाद पेटला, आणि तो मला विज्ञानाइतकाच मोलाचा वाटतो. मोजायचं काय? ओला पाला वाळवला की चार-पाच किलोचा एक किलो होतो, म्हणजे किलोमागचे बेकरेल तितक्याच पटीने वाढतात. कृषी खातं आणि चहा पिकवणारे प्रांत म्हणत होते, कोरडी पत्ती कुणी खात नाही, तिचा काढा पितात. आरोग्य खातं म्हणत होतं, दुकानात विकली जाते ती कोरडी पत्तीच. 2 जून 2011 रोजी ठरलं की 500 ची मर्यादा ओल्या पाल्याला आणि वाळवलेल्या पत्तीला, दोन्हींना लागू. एप्रिल 2012 पासून नियम बदलला : पिण्याच्या चहासाठी तयार पेयात किलोला 10 बेकरेल, आणि माचा ही चहाची पूड अख्खी पोटात जाते म्हणून तिला इतर अन्नासारखी 100 ची मर्यादा. माझ्या मते हा दुसरा नियम योग्य. जे पोटात जातं तेच मोजावं.

आता बागायतदारांना आवडेल असा भाग. सीझियम मातीत नसून जुन्या पानांत आणि फांद्यांत आहे हे कळल्यावर उपायही तिथेच सापडला : छाटणी. पहिल्या खुडणीनंतर झुडपांचा वरचा 10 ते 20 सेंटिमीटरचा थर, काही ठिकाणी त्याहूनही खोल, कापून काढला. 2012 च्या पालवीत सीझियम खूपच उतरलं. फुकुशिमातल्या पीचच्या बागांना ही सोय नव्हती. मार्चमध्ये तिथे पान नव्हतं, सालीनेच सीझियम धरलं होतं. तिथल्या शेतकऱ्यांनी पुढच्या हिवाळ्यात झाडन् झाड जोरदार दाबाच्या पाण्याने धुऊन काढलं.

तेव्हा तासगावच्या वाचकांना उत्तर असं : फवारलेलं पोटॅश ज्या वाटेने घडाकडे जातं, साधारण त्याच वाटेने सीझियमही जातं. लॅपलँडच्या दगडफुलाला मात्र ना मुळं आहेत, ना छाटणी सोसण्याइतकी वाढ. ते वर्षाला जेमतेम काही मिलिमीटर वाढतं. त्याचं आणि रेनडियरचं पुढच्या आठवड्यात, नक्की.