गोव्याहून आलेला कोंबडा आणि उस्ताद मन्सूर

मुघल चित्रं म्हटलं की दरबार, लढाया, शिकारी डोळ्यांपुढे येतात. मी मात्र पक्षी बघत बसतो! जहांगीर बादशहाचा चित्रकार उस्ताद मन्सूर त्याला कारण.

१६१२ मध्ये दरबारातला सरदार मुकर्रब खान गोव्याहून बादशहासाठी अजब प्राणी घेऊन आला. त्यात होता टर्की कोंबडा. त्याची मान सरड्यासारखी रंग बदलते, असं बादशहाने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. नुसतं लिहून भागेना, म्हणून चित्रंही काढून घेतली. मन्सूरचा टर्की आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. त्या चित्राचा फोटो मोठा करून बघा: मानेवरची लोंबती लाल कातडी, पंखाची एकेक रेघ. मागे जवळजवळ काहीच नाही, सगळं लक्ष पक्ष्यावर.

पुढे बादशहाकडे आलेल्या झेब्र्याची गंमत वेगळीच. पट्टे रंगवलेत की काय, अशी शंका दरबारात आली होती म्हणे. तोही मन्सूरने रंगवला, १६२१ मध्ये.

माणसंही काढायचा तो. त्याचा वीणावादक बघण्यासारखा आहे. पण खरं सांगू? माझं मत टर्कीलाच.